कोनाडूचं मडकं

केतकीला मुलगी झाली ते साल २०४३. नोव्हेंबरातला गुरुवार होता. तिकडे घानात ज्या वारी मूल जन्मतं त्या वाराचं नाव त्याला आपोआप लागतं, म्हणून आमचं बाळ जगात येताच 'याआ' झालं. मी म्हटलं, बाराव्या दिवशी बारसं करून आपलंही एक नाव ठेवू.

"ठेवा ना आई," जावई म्हणाला. "आमच्याकडे आठव्या दिवशी ठेवतात, तुमच्याकडे बाराव्या. पोरीला दोनदा जेवण."

"पोरीला कुठलं? तुला," केतकी अंथरुणातून म्हणाली.

जावयाचं नाव क्वाबेना. घाना देशातल्या कुमासी शहरात तो शाळेत शिकवायचा. मराठी त्याला बायकोकडून आलेलं, त्यामुळे तो माझ्याशी बोलताना थोडा केतकीसारखाच फणकारायचा. बाकीच्यांसाठी माझ्या कानात एक छोटं यंत्र होतं. ते समोरच्याचं बोलणं मराठीत सांगायचं आणि माझं त्यांच्या भाषेत.

केतकी शहराबाहेरच्या राष्ट्रीय संग्रहालयात काम करत होती. पश्चिम आफ्रिकेतल्या देशोदेशीच्या जुन्या वस्तू तिथे आणून मांडल्या होत्या. जमिनीतून काढलेली भाजक्या मातीची मुंडकी होती, सोनं तोलायची पितळी वजनं होती, आणि एका लांबच लांब दालनात नुसती मडकी. चाळीस वर्षं कुंभाराच्या घरात काढलेली बाई मी. ते दालन बघून मला माहेरी आल्यासारखं झालं. एवढ्या मडक्यांत चाकावरचं मात्र एकही नव्हतं. सगळी हातानं उचललेली, आणि केतकी म्हणाली, सगळी बायकांनी केलेली.

आमच्या कऱ्हाडकडच्या कुंभारआळीत याच्या बरोब्बर उलट. माती बाईनं आणायची, तुडवायची, चाळायची, मडक्यावर रंग द्यायचा, भट्टी रचायची. चाकाला मात्र हात लावायचा नाही. केतकी नऊ वर्षांची असताना तिनं एकदा लावला होता. तिच्या वडिलांनी तिला मारलं नाही, ओरडलेही नाहीत. बादलीभर पाणी आणून त्यांनी तिच्यादेखत चाक धुतलं. ती पुढे मातीचंच शास्त्र शिकली, परदेशी गेली, आणि वडिलांशी फोनवर हवापाण्यापलीकडे कधी बोलली नाही. धोंडीराम, म्हणजे माझे मालक, २०३७ साली गेले तेव्हा ती आली, तीन दिवस राहिली आणि परतली.

आता तिचं संग्रहालयातलं काम मार्चमध्ये संपणार होतं. पुण्याच्या एका संस्थेनं तिला बोलावलं होतं, क्वाबेनाही यायला तयार होता. मी बाळंतपणाला गेले ते खरं, पण मनातून मी त्या तिघांना घरी आणायला गेले होते. जाताना बाळासाठी मालकांच्या वेळचं वीतभर उंचीचं एक मडकं कपड्यांत गुंडाळून नेलं. घरात तेवढं एकच उरलं होतं.

संग्रहालयात केतकीनं काय केलं होतं ते आता सांगते. मला ते तिनं कणकेच्या गोळ्यावर समजावलं होतं.

मातीचे कण असतात पापुद्र्यासारखे चपटे. ओल्या मातीवर बोट दाबलं की त्या जागचे कण दाबाला पाठ देऊन आडवे होतात. मातीतल्या हवेच्या बारीक पोकळ्याही तशाच चपट्या होतात आणि बोट ज्या बाजूला सरकलं त्या बाजूला लांबतात. मडकं भाजलं की हे सगळं तसंच्या तसं गोठतं. वरून हात फिरवून कितीही गुळगुळीत करा, आतली खूण पुसत नाही. केतकीचं यंत्र क्ष-किरणांनी मडक्याचे लाखो पातळ काप पाहतं, मडकं न कापता. मग गणित मांडून सांगतं, की इथे अंगठा होता, इथे करंगळी टेकली, आधी आतून दाबलं, नंतर बाहेरून. चालण्यावरून माणूस ओळखू येतो ना, तसा दाबण्यावरून हात ओळखू येतो. एकाच हाताची दहा मडकी पाहिली की यंत्राला तो हात पाठ होतो.

इथपर्यंत ठीक होतं. पण तिनं पुढे एक हातमोजा केला होता. त्यात हवेच्या नळ्या होत्या. मोजा घालून ओल्या मातीवर हात ठेवला की तो मोजा यंत्राला पाठ असलेल्या हातासारखा आपला हात हलवायचा.

मी एकदा तो घातला. माझा अंगठा आपोआप आत वळला, बोटं एकमेकांना चिकटली, आणि तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या कुणा बाईनं माझ्या हातानं मडक्याचा काठ दुमडला. काठ सुंदर आला. माझ्या अंगावर मात्र काटा आला.

"कसं वाटलं?" केतकीनं विचारलं.

"कुणीतरी माझं मनगट धरून ओढल्यासारखं. ती बाई आपली पुढे पुढे चाललेली. मला येतंय का नाही, तिला कसं कळणार?"

"ती मेलीय, आई."

"तेच म्हणते मी."

बाळ महिन्याचं झालं तेव्हा संग्रहालयाच्या प्रमुख, डॉक्टर सेरवा, आम्हाला घेऊन एका गावी निघाल्या. गावात एकच मडकी करणारी बाई उरली होती. वय पंचाहत्तरच्या पुढे, छातीचा आजार, डॉक्टरांनी सहा महिने सांगितलेले. नाव कोनाडू. माझ्या कानातलं यंत्र त्या नावाचं भाषांतर 'कोनाडा' असं करायचं, आणि गावातले लोक तिला मानानं 'नाना' म्हणायचे. आमच्याकडे नाना म्हणजे धोतरातला म्हातारा. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली.

जिवंत माणसाचा हात त्याच्या होकाराशिवाय यंत्रात घ्यायचा नाही, असा संग्रहालयाचा नियम होता. तो होकार मागायला आम्ही गेलो होतो. मी कुंभारीण, म्हणून मलाही सोबत घेतलेलं.

कोनाडूनं आधी काम दाखवलं. मातीचा गोळा जमिनीवर ठेवला, कमरेत वाकली, आणि त्या गोळ्याभोवती उलट्या पावलांनी चालायला लागली. एक हात आत, एक बाहेर. माती जागची हलत नव्हती, बाईच फिरत होती. फेऱ्या घालता घालता मडकं वर आलं. मध्येच दम लागला की ती उभी राहायची, छातीवर हात ठेवायची आणि पुन्हा वाकायची.

"तुमच्यात कसं करतात?" तिनं मला विचारलं.

"चाकावर. माणूस बसलेला असतो, माती फिरते."

"बसून? आळशी दिसतात तुमच्या बायका."

"बायका नाही, पुरुष करतात."

"पुरुष!" ती अंगणातल्या शेजारणींकडे वळून ओरडली, "ऐकलं का गं? यांच्यात पुरुष मडकी करतात!" सगळ्या बायका पोट धरून हसल्या. क्वाबेनानं कान पकडले, म्हणाला, "नाना, मी नाही हो केलं कधी."

मग डॉक्टर सेरवांनी यंत्राचं सांगितलं. कोनाडूनं नीट ऐकलं. हात घ्यायला किती मडकी लागतील, तो हात कोण कोण घालेल, असे प्रश्न विचारले. नकार असा दिला नव्हता. सेरवाबाईंना वाटलं आता होईल, आणि त्यांनी आपल्या मते सर्वात मोठा मान पुढे केला.

त्या भागात माणूस गेलं की त्याच्यासाठी एक मडकं करतात. घरच्या माणसांचे कापलेले केस त्यात ठेवायचे आणि ते नेऊन गावाबाहेरच्या मडक्यांच्या रानात, आधी गेलेल्यांच्या मडक्यांशेजारी ठेवायचं. गावातल्या प्रत्येकाचं ते मडकं गेली पन्नास वर्षं कोनाडूनं केलं होतं.

"नाना," सेरवाबाई म्हणाल्या, "गावात आता दुसरी कुणी करणारी नाही. पण तुमचा हात आमच्याकडे राहिला तर तुमचं मडकं तुमच्याच हातानं करता येईल."

शेजारणींचं हसणं एकदम थांबलं. कोनाडूनं हातातलं ओलं मडकं खाली ठेवलं आणि तळव्यानं दाबून त्याचा पुन्हा गोळा केला.

"माझं मडकं माझ्या हातानं?" ती म्हणाली. "म्हणजे मागे मला कुणी नव्हतं, हे सगळ्या मेलेल्यांना दाखवायला पाठवताय मला?"

सेरवाबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्या समुद्राकडच्या, त्यांच्याकडे ही रीत नाही. त्यांनी दोन्ही हात जोडून माफी मागितली. कोनाडूनं मान हलवली, पण उठून घरात गेली.

मला तिचं सांगणं समजलं होतं. कुंभाराच्या घरी मयत झालं तर त्यासाठी आम्हीही आपल्या घरचं मडकं घेत नाही. मालकांच्या वेळी पलीकडच्या आळीतून आणलं होतं. ते दुसऱ्याच कुणीतरी द्यावं लागतं.

निघताना मी आत गेले. ती खाटेवर बसली होती.

"मुलगी नाही तुम्हाला?"

"होती. बारा वर्षांची गेली. भाची शहरात बँकेत आहे, मातीला नाक मुरडते." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "हात रक्तातल्या पोरीला जातो. नाहीतर जिची आई तिला हाताला धरून माझ्या अंगणात आणून देते तिला. पोर आपण होऊन आली तर चालत नाही, आईनं द्यावी लागते. आणि दिलेली पोर मग याच मातीपाशी राहते. आता कोण आई देणार?"



 पुढचे आठ दिवस केतकी संग्रहालयातून उशिरा यायची. मग एका दुपारी मला म्हणाली, "आई, चल. तुझ्यासाठी काहीतरी केलंय." म्हणाली खरं, पण आवाजात आनंद नव्हता.

तिच्या खोलीत टेबलावर मालकांचं मडकं होतं. शेजारी पडद्यावर तेच मडकं मोठं दिसत होतं, त्यावर तांबड्या आणि निळ्या रेघा.

"मला वाटलं होतं, या एका मडक्यावरून जमेल तेवढा बाबांचा हात काढावा. तुला मोजा घालायला द्यावा. बाराव्या दिवशीचं बारसं राहूनच गेलंय, ते करू त्या दिवशी." तिनं पडद्याला बोट लावलं. "या निळ्या रेघा बाबांच्या. जोर कमी आणि उजवा अंगठा ओढलेला. तांबड्या कुणाच्या?"

मी वाकून पडद्याजवळ गेले.

"लहान हात आहे. डाव्या तर्जनीचं पेर वाकडं. तुझं आहे तसं."

"माझाच आहे," मी म्हटलं.

मग सांगितलं. २०३१ साली मालकांचं उजवं अंग लुळं पडलं. केतकी तेव्हा पुण्यात शिकत होती. मडकी थांबली असती तर घर थांबलं असतं. एक दिवस त्यांनी दार लावून घेतलं आणि मला म्हणाले, बैस. माझे हात मातीवर, त्यावर त्यांचे. सहा वर्षं आळीला वाटत होतं की धोंडीरामचा हात अजून चांगला आहे.

केतकी खुर्चीवरून उठली. "माझ्यासमोर चाक धुतलं त्यांनी. नऊ वर्षांची होते मी. कुत्रं शिवून गेल्यासारखं धुतलं. आणि तुला बसवलं?"

"नाइलाज होता गं."

"म्हणजे हात गेला म्हणून बाई चालली. हात असता तर?"

"असता तर नसतं बसवलं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"आणि तू मला सांगितलंही नाहीस. इतकी वर्षं."

"त्यांनी शपथ घातली होती. नंतर ते गेले, आणि तू तीनच दिवस होतीस."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाळ दुपट्यात झोपलं होतं. मला बरंच बोलायचं होतं, पण पडद्यावरच्या रेघांवरून नजर हलत नव्हती. तळाशी निळं दाट होतं आणि तांबडं त्याखाली दबलेलं. पोटाशी निळं विरळ होत गेलं होतं. गळ्याशी नुसतं तांबडं.

"हे वर निळं का नाही?" मी विचारलं.

ती वळली नाही. "वर त्यांनी हात काढून घेतला. तू एकटीनं केलास गळा."

"मला नाही कळलं तेव्हा. मला वाटत होतं त्यांचा हात आहे वर."

आता ती वळली. टेबलाशी आली. मी तिला म्हटलं, "तू तिसरीत होतीस तेव्हा मला पाटीवर अक्षर शिकवलंस. माझा हात धरून 'क' गिरवून घ्यायचीस. कधी सोडलास ते मला तेव्हाही कळलं नव्हतं."

तिनं डोळे पुसले, पण राग गेला नव्हता. "बाबा माझ्याबद्दल काही बोलले? त्यानंतर?"

इथे एखादी आई गोड काहीतरी बोलली असती. पण ते तिच्याबद्दल बोलले नव्हते. मला आठवलं तेवढंच मी सांगितलं. "पहिल्या दिवशी काम झाल्यावर मीच बादली आणली, बाईचा हात लागला म्हणून चाक धुवायला. ते म्हणाले, राहू दे, आज धुऊ नको. पुन्हा कधी धुतलं नाही."

ती मडक्यावर हात ठेवून बसली. दाबत नव्हती, नुसता ठेवला होता. मग म्हणाली, "मोज्यात हे येत नाही. मोजा कधी सोडत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला न्हाऊ घालताना तिनं विचारलं, "आई, त्या आजींचं मडकं कोण करेल गं?"

मी बाळाच्या टाळूवर तेल घालत होते. तिला काय विचारायचंय ते मला कळलं, आणि मी तेल घालतच राहिले. आईनं द्यावी लागते हे कोनाडूनं फक्त मला सांगितलं होतं. मी बोलले नसते तर केतकीला कळलंही नसतं. मार्चमध्ये आम्ही चौघं विमानात बसलो असतो. आमच्या कऱ्हाडच्या अंगणात बाळ रांगताना मला दिसत होतं.

"करायचंय तुला?" शेवटी मी विचारलं.

"मला चाळीस प्रकारच्या मातीचं रसायन माहीत आहे. मडकं एकही केलेलं नाही."

"ते नाही विचारलं."

"हो," ती म्हणाली. "करायचंय."

मग मी तिला रीत सांगितली, सगळी. पोर मग त्याच मातीपाशी राहते, हेही. तिनं विचारलं, "आणि तू?"

"मला विमानात बसता येतं आता," मी म्हटलं.

आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. केतकीचं यंत्र नाही, सेरवाबाई नाहीत. बाळ क्वाबेनाच्या पाठीला बांधलेलं, त्यावरून शेजारणींनी त्याला भरपूर छळलं. मी केतकीचा हात धरून अंगणात शिरले. कोनाडू खाटेवर बसली होती. मी तो हात तिच्या हातात दिला.

"ही माझी पोर," मी म्हटलं. "तुम्हाला दिली."

कोनाडूनं केतकीची बोटं एकेक करून दाबून पाहिली. "कागदाचे हात आहेत," म्हणाली. मग मला विचारलं, "परत मागशील?"

 मी मान हलवली. नाही म्हणून.

"मोठ्यानं सांग. या बायकांनी ऐकलं पाहिजे."

"नाही मागणार," मी मोठ्यानं म्हटलं. कानातल्या यंत्रानं ते त्यांच्या भाषेत सांगितलं, पण बायकांना त्याआधीच कळलं होतं. एकीनं मला पाणी आणून दिलं.

त्यानंतर केतकी रोज तिकडे जायची. मीही जायचे, बाळाला मांडीवर घेऊन सावलीत बसायचे. कोनाडूला आता वाकून चालणं जमत नव्हतं. ती स्टुलावर बसून ओरडायची आणि केतकी मातीभोवती उलटी चालताना पडायची.

"अगं, मागे बघू नकोस! मागे रस्ता नाही, माती पुढे आहे!"

"आजी, कंबर मोडली माझी."

"मोडू दे. मडकं मोडू नकोस."

पहिली पंधरा मडकी कोसळली. मग एक दिवस कोनाडू उठली, केतकीच्या मागे वाकून उभी राहिली, आणि तिच्या हातांवर आपले हात ठेवून तिच्यासोबत मातीभोवती फिरली. दोन फेऱ्या, तीन फेऱ्या.  तिची छाती वाजत होती. चौथ्या फेरीला ती हळूच बाजूला झाली, स्टुलावर बसली आणि माझ्याकडे बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. केतकी तशीच फिरत राहिली. मडकं उभं राहिलं.

कोनाडूनं एवढंच मडकं संग्रहालयाला दिलं, आणि यंत्रात घालायची परवानगीही त्या एकाचीच. अट एक. त्यातून मोजा करायचा नाही. सेरवाबाईंनी ती लेखी मान्य केली. आज ते मडकं त्या लांब दालनात आहे आणि शेजारी पडद्यावर त्यातल्या रेघा दिसतात. पाटीवर दोघींची नावं आहेत. शाळेची पोरं येतात, एक रंग कुठे संपतो ते बोटानं शोधतात. आमच्या मालकांचं मडकंही तिथेच ठेवू का, म्हणून केतकीनं विचारलं होतं. मी नको म्हटलं. त्यात याआ दूध पिते.

पुण्याची नोकरी केतकीनं घेतली नाही. फेब्रुवारीत, कोसळलेली सोडून, तिचं बारावं मडकं उभं राहिलं. कोनाडूनं ते टिचकी मारून पाहिलं आणि म्हणाली, "काठ जाड आहे. पण मेलेल्यांना चालेल."

कोनाडू ४ मार्च २०४४ रोजी, शुक्रवारी सकाळी, आपल्या घरी वारली. तिचं मडकं केतकीनं केलं.